होटगी रस्त्यावरचे पाटी नसलेले गॅरेज आणि इंजिनाच्या डमीची गळती

सोलापुरात होटगी रस्त्यावर विमानतळाच्या अलीकडे एका बोळात, पत्र्याच्या शेडखाली चालणाऱ्या गॅरेजमधून मी गेल्या मे महिन्यात माझ्या डिझेल गाडीच्या इंजिन ब्लॉकमधली कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, गळती दुरुस्त करून घेतली. त्या कामाला आता चार महिने होऊन गेले असल्यामुळे त्याविषयी लिहायला हरकत नाही. दुरुस्तीनंतर आठच दिवसांत लिहिलेल्या कौतुकाला मी स्वतः फारशी किंमत देत नाही. या गॅरेजला पाटी नाही. पाटी का लावत नाही असे विचारल्यावर, "आहे तेवढंच काम उरकंना मालक," असे उत्तर मिळाले. त्यामुळे नाव न देता केवळ कामाचे वर्णन करण्याखेरीज मला गत्यंतर नाही, आणि मिस्त्रींचीही तीच इच्छा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझा टॉवेलचा छोटा व्यापार आहे. गाडीत गठ्ठे भरून बार्शी, पंढरपूर, लातूर असे आठवड्यातून तीनदा तरी जाणे होते. गाडी 13 वर्षांची आहे, ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे, आणि मार्चपर्यंत तिने कधी गंभीर त्रास दिला नव्हता. मार्चच्या शेवटी तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या बराच वर गेला. गाडी बाजूला घेऊन, तासभर थांबून, इंजिन पुरते निवल्यावर झाकण उघडले तर रेडिएटरमध्ये पाणी जवळजवळ लिटरभर कमी निघाले. गाडीखाली मात्र थेंबाचाही मागमूस नव्हता. पुढच्या महिनाभरात दर तीन-चार दिवसांनी तेवढेच पाणी घालावे लागे आणि ते कुठे जाते हे कोणालाच कळत नव्हते.

या महिन्यात दोन ठिकाणी पैसे घालवले. पहिल्या ठिकाणी न तपासताच 'पाण्याचा पंप गेला आहे' असे सांगून पंप बदलला. 2,800 रुपये गेले आणि गळती होती तशीच राहिली. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटरमध्ये गळती बंद करणारी पावडर टाकली. तिने पंधरा दिवस बरे वाटले आणि नंतर पाणी जायचे ते जाऊ लागलेच, शिवाय काटा पूर्वीपेक्षा लवकर चढू लागला. या पावडरचे कण जिथे पाणी बाहेर पडते तिथे साचून भोक बुजवतात हे खरे आहे. परंतु भोक कोणते आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती हा भेद त्यांना करता येत नाही. दोन्ही गॅरेजांची नावे मी देणार नाही. तपासणी न करता सुटा भाग बदलण्याची सवय काही त्यांच्यापुरतीच नाही.

होटगी रस्त्यावरच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडीला पाना लावलाच नाही. सकाळी थंड गाडी आणायला सांगितली होती. आल्यावर त्यांनी प्रथम ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी मिसळले तर ते दुधाळ, चहासारखे दिसते, आणि तसे असते तर प्रकरण हेड गॅस्केटचे, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या पट्टीचे, ठरले असते. नंतर झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिले. दोन्हीकडे काही आढळले नाही. मग त्यांनी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप आणला, त्याला दाब दाखवणारे घड्याळ जोडलेले होते. तो झाकणाच्या जागी बसवून 15 पौंडांपर्यंत (दर चौरस इंचाला) दाब दिला आणि आम्ही चहा प्यायलो. रेडिएटरच्या त्या झाकणावर 1.1 बार असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे सुमारे 16 पौंड. त्यापेक्षा जास्त दाब देऊन तपासू नये, नाहीतर जुन्या पाइपांना नवीनच दुखणे लागते, असे त्यांचे म्हणणे पडले. दहा मिनिटांत घड्याळाचा काटा 15 वरून 11 वर आला. इंजिन बंद, गाडी थंड, तरीही दाब उतरला, याचा अर्थ पाणी कुठूनतरी बाहेर येत होते.

त्यानंतर सुमारे पाऊण तास ते आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनाच्या भोवती फिरत होते. रेडिएटर, पाइप, पंप, हीटरचा वॉल्व्ह असे एकेक नाव घेत ते सोडून देत गेले. शेवटी सायलेन्सरच्या बाजूला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे, त्यांनी आरसा तिरका धरून मला पाहायला सांगितले. ब्लॉकच्या काळ्या बिडावर सुपारीएवढा पांढरट हिरवा डाग होता आणि त्याच्या खालच्या कडेला मोहरीच्या दाण्याएवढा थेंब हळूहळू फुगत होता. तो फुगला, खाली सरकला, आणि त्याच्या जागी दुसरा येऊ लागला. महिनाभर माझी झोप उडवणारा हाच तो थेंब होता. गाडी चालत असताना हे पाणी तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून तत्काळ वाफ होई, म्हणून जमिनीवर काही दिसत नसे. मागे राही ती पांढरी पापडी आणि एक गोडसर वास, ज्याला मी इतके दिवस रस्त्याकडेच्या गुऱ्हाळाचा वास समजत होतो.

ही गळती ज्या भागातून होत होती त्याला मिस्त्री लोक 'डमी' म्हणतात, सुट्या भागांच्या दुकानात 'वेल्च प्लग' म्हणून मागितल्यास लवकर मिळते, आणि इंग्रजी पुस्तकांत त्याला कोअर प्लग म्हणतात. बिडाचा ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटांच्या जागी वाळूचे गाभे ठेवावे लागतात. ते गाभे साच्यात तोलून धरण्यासाठी आणि ओतकाम झाल्यावर आतली वाळू काढून घेण्यासाठी ब्लॉकच्या भिंतींना गोल भोके ठेवलेली असतात. नंतर ती मशीनवर अचूक मापाची करून पत्र्याच्या छोट्या वाटीने कायमची बुजवतात. ही वाटी म्हणजेच डमी. तिला फ्रीज प्लग असेही नाव आहे आणि पाणी गोठून फुगले तर ती बाहेर पडून ब्लॉक वाचवते, असे पुष्कळ जण सांगतात. थंड मुलुखात कधी तसे घडतही असेल, पण ती त्यासाठी बसवलेली नसते. सोलापुरात तर हा प्रश्न उद्भवतच नाही. आमच्याकडे डमी मरते ती गंजून.

आणि ती का गंजली, याचे उत्तर मला माझ्याच वागण्यात सापडले. दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड उतरवल्यावर मिस्त्रींनी जुन्या डमीच्या एका कडेवर पंच ठेवून हातोडीचा बेताचा ठोका मारला. डमी आपल्या जागी आडवी फिरली, आणि मग पक्कडीत धरून त्यांनी ती कपातल्या चमच्यासारखी बाहेर ओढली. हा ठोका मध्यावर मारून डमी आत ढकलायची नसते. ती पाण्याच्या वाटेत पडली तर बाहेर काढताना नाकी नऊ येतात, आणि फार जोर लावला तर समोरच्या सिलिंडरच्या भिंतीला मार बसू शकतो. बाहेर काढलेली डमी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरून ती बरी दिसत होती, नुसता रंग उडालेला. उलटी केली तर आत लालसर तपकिरी गंजाची साय, आणि ती नखाने खरवडल्यावर पत्रा जिलेटिनच्या कागदासारखा पातळ. उन्हाकडे धरल्यावर त्यात सुईच्या टोकाएवढी तीन भोके दिसली.

"कूलंट शेवटचं कधी बदललं?" असे त्यांनी विचारले. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. खरी गोष्ट अशी की गेली पाच-सहा वर्षे पाणी कमी झाले की मी घरच्या बोअरचे पाणी ओतत आलो होतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, तेव्हा बोअर हाच आधार. आणि आमच्या बोअरच्या पाण्याने आठवड्यात बादलीला पांढरा थर धरतो. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते एवढेच मला ठाऊक होते. त्यात गंज रोखणारी द्रव्येही असतात, ती काळानुसार संपतात, आणि साधे पाणी घालत गेल्यास उरलीसुरली आणखी पातळ होतात, हे कधी लक्षात घेतले नाही. क्षारांचा थर उष्णता अडवतो ते वेगळेच. ब्लॉकच्या भिंती जाड असतात म्हणून त्यांना वर्षे लागतात. डमीचा पत्रा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, म्हणून पहिला बळी तिचा जातो.

एका डमीला भोक पडले तर बाकीच्याही त्याच पाण्यात तितकीच वर्षे भिजलेल्या असतात. या हिशेबाने मिस्त्रींनी हात पोहोचेल तेवढ्या सर्व बदलायचे ठरवले. माझ्या इंजिनाला एका अंगाला तीन, दुसऱ्या अंगाला दोन आणि मागे गिअरबॉक्सच्या बाजूला एक अशा सहा डमी आहेत. दोन्ही अंगांच्या पाच बदलल्या. मागची बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ती कोरडी होती म्हणून तिला हात लावला नाही. हा निर्णय मला पटला, कारण तसे केले असते तर मजुरी दुपटीवर गेली असती.

येथे साहित्याविषयी दोन शब्द. लोखंडी पत्र्याच्या डमी शहरात लगेच मिळत होत्या. मिस्त्रींनी पितळी घ्यायचे सुचवले. पितळ गंजत नाही आणि किंचित मऊ असल्याने भोकाच्या भिंतीला नीट चिकटून बसते. त्या मापाच्या पितळी डमी सोलापुरात त्या दिवशी मिळाल्या नाहीत, पुण्याहून मागवून एस.टी.च्या पार्सलने दुसऱ्या दिवशी आल्या. त्यामुळे एक दिवस वाया गेला आणि मला बार्शीची फेरी भाड्याच्या टेम्पोने करावी लागली. तरीही ते योग्य झाले असे मी म्हणेन. बाजारात दोन पत्र्यांमध्ये रबर असलेली आणि नट आवळून फुगवायची डमीही मिळते. वाटेत अडकलेल्या माणसाला घरी पोहोचण्यापुरती ती उत्तम. मॅनिफोल्डशेजारच्या उष्णतेत रबर वर्षानुवर्षे टिकेल या भरवशावर मात्र राहू नये. बाहेरून इपॉक्सीची पुट्टी थापण्याचा उपाय तर मला तीन जणांनी सांगितला होता. आतून दाब येत असताना, तेलकट आणि गंजलेल्या पत्र्यावर बाहेरून लावलेले काहीही किती दिवस धरणार?

बसवण्याचे काम मी जवळून पाहिले. व्हर्नियरने भोकाचे माप घेतले तेव्हा ते 35 मिलिमीटरच्या जवळपास निघाले, आणि डमी त्याहून नावाला मोठी असते. तेवढ्या घट्टपणावरच तिची सारी पकड असते. पाचही भोकांच्या कडा त्यांनी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या. यालाच सर्वांत अधिक वेळ लागला. गंजाचा एखादा खड्डा किंवा आडवा ओरखडा राहिला तर नवी डमीही तेथून पाझरते. मग कडेभोवती सीलंटचा पातळ थर लावला, डमीच्या आतल्या अंगाला नेमका बसेल असा बॉक्स पान्याचा गोळा (सॉकेट) घेतला आणि तो सरळ धरून ठोके दिले. डमी किंचितही तिरकी जाताना दिसली की ते थांबत, पुन्हा सरळ करत. डमीची कड भोकाच्या तोंडाच्या उतारापासून केसभर आत गेल्यावर थांबायचे; त्याहून आत मारली तर पकड सैल होते. शेवटच्या एक-दोन ठोक्यांना आवाज बदलतो, पोकळ 'ठप'चा भरीव 'ठक' होतो. मिस्त्री त्या आवाजावरच थांबत होते. त्यांचा हाताखालचा मुलगा तेलुगूत काहीतरी विचारत होता आणि ते त्याला हातोडी न थांबवता तेलुगूतच उत्तर देत होते. त्या अर्ध्या तासात माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला आवडले.

डमी बसवण्यापूर्वी ब्लॉक धुतला होता. भोके उघडी असताना नळी लावून धुतल्यावर पहिली पाच मिनिटे आतून विटेच्या चुऱ्यासारखे पाणी येत होते, त्यात त्या पावडरचे चमकते कणही होते. या धुण्यासाठी वेगळे पैसे लावले नाहीत. सीलंट वाळण्यासाठी रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले. मग हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड उंचावर घेऊन, हीटर पूर्ण उघडून इंजिन चालू ठेवायचे होते. बाहेर 42 अंश तापमान आणि आत हीटर, अशा स्थितीत वीस मिनिटे गाडीत बसण्याचा योग मला आला. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून बंद झाला, वरचा-खालचा दोन्ही पाइप सारखे तापले, तेव्हा मिस्त्रींनी इंजिन बंद करायला सांगितले. दुपारी थंड झाल्यावर पुन्हा तोच हातपंप, तेच 15 पौंड. या वेळी अर्ध्या तासानंतरही काटा 15 वरच होता.

आता खर्च. पाच पितळी डमी 400, मॅनिफोल्डचे गॅस्केट 450, चार लिटर कूलंट 1,400, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन 100, खालचा पाइप 400, रेडिएटरचे झाकण 250 आणि मजुरी 3,500, असे एकूण 6,500 रुपये झाले. यात मूळ दोष असलेल्या वस्तूची किंमत 80 रुपये आहे. उरलेला पैसा तिच्यापर्यंत पोहोचण्याचा आणि ती पुन्हा लवकर मरू नये याचा आहे, आणि या कामात असेच असते. ज्याला कमी मजुरीत काम हवे आहे त्याने मॅनिफोल्ड न उतरवता डमी बसवणारा मिस्त्री शोधावा. तिरकी बसवून देणारे पुष्कळ मिळतील.

तक्रारीही आहेत. पहिला अंदाज 4,000 रुपयांचा सांगितला होता. कूलंट आणि पाइपाचे पैसे वाढणार हे त्यांनी फोन करून विचारले, पण झाकण न विचारताच बदलले. जुने झाकण तपासले तेव्हा ते 16 ऐवजी 9 पौंडांवरच उघडत होते, म्हणजे बदलणे आवश्यकच होते, आणि दाब कमी राहिल्याने पाणी लवकर उकळून घाटात काटा चढण्यास तेही कारण असावे. तरी गिऱ्हाइकाला आधी सांगण्यात काही जात नाही. दुसरे म्हणजे छापील बिल मिळत नाही. हिशेब वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहून मिळतो. मला व्यवसायाच्या हिशेबासाठी बिल हवे होते, ते सुट्या भागांच्या दुकानातूनच आणावे लागले. तिसरी गोष्ट मला अधिक खटकली. काढलेले जुने कूलंट त्यांनी उघड्या घमेल्यात गाडीखाली ठेवले होते आणि शेडच्या सावलीत दोन कुत्री पडलेली होती. हे द्रव्य चवीला गोड असते, जनावर ते चाटते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊन मरू शकते. मी बोलल्यावर मुलाने घमेल्यावर पत्रा ठेवला आणि नंतर ते कॅनमध्ये भरले. परंतु ते मी सांगण्याची वेळ यायला नको होती. बसायला एकच स्टूल आहे, पंखा नाही, आणि मे महिन्यात दुपारी तिथे थांबू नये हे आपुलकीने सांगतो.

चार महिन्यांत गाडी सुमारे 6,000 किलोमीटर चालली. तुळजापूरचा घाट गठ्ठ्यांसह पाच वेळा चढून झाला, काटा निम्म्यावरून हलला नाही. बाजूच्या बाटलीतली पातळी मी पहिला महिनाभर रोज सकाळी पाहत असे, आता रविवारी पाहतो. तिच्यावर खडूने केलेली खूण आणि पाण्याची रेघ अजून एकमेकींना सोडून गेलेल्या नाहीत. मागच्या महिन्यात होटगी रस्त्यावरून जाताना थांबलो, तेव्हा मिस्त्रींनी आरसा घेऊन पाचही डमी पुन्हा पाहिल्या, पैसे घेतले नाहीत. सहावी, मागची डमी अजून जुनीच आहे. पुढे क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा ती बदलायची, असे त्यांनी माझ्या गाडीच्या नंबरापुढे वहीत लिहून ठेवले आहे, आणि त्या मापाची एक पितळी डमी कागदात गुंडाळून खिळ्यांच्या डब्यात टाकली आहे. तिचे 80 रुपये मी आधीच देऊन आलो.